विंडोजची सद्दी खरोखरच संपली काय?

विशेष प्रतिनिधी

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' या आपल्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी मोफत सुरक्षा अपडेट देणे थांबवले. जुलै २०१५ मध्ये बाजारात आलेली ही आवृत्ती त्या दिवशीही जगभरातील कोट्यवधी संगणकांवर चालू होती. त्यांतील अनेक संगणकांना 'विंडोज ११' पेलत नाही, असे नव्हे. पण त्यांच्यात 'टीपीएम २.०' ही सुरक्षा चिप वा तुलनेने नवा प्रोसेसर नसल्याने कंपनीच्या लेखी ते अपात्र ठरले. यंत्र धडधाकट, पण वाली कोणी नाही, अशी त्यांची अवस्था झाली. ग्राहकांच्या या नाराजीतून एक जुनाच वाद नव्याने सुरू झाला आहे. तीन दशके संगणकविश्वावर एकछत्री राज्य करणाऱ्या विंडोजला उतरती कळा लागली आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही. ऱ्हास कशाला म्हणायचे, यावर ते अवलंबून आहे. वापरणाऱ्यांची संख्या घटणे म्हणजे ऱ्हास, की इतरांना आपल्या तालावर नाचवण्याची ताकद जाणे म्हणजे ऱ्हास? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि विंडोजच्या बाबतीत त्या दोन वेगळ्या दिशांनी गेल्या आहेत.

साम्राज्याचा पाया

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचे यंत्र आणि त्यावर चालणारी सॉफ्टवेअर यांच्यातील मध्यस्थ. हा मध्यस्थ ज्याच्या हाती, त्याच्या हाती दोन्ही बाजूंचा व्यवहार. मायक्रोसॉफ्टने विंडोजची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९८५ मध्ये आणली. पण तिला खरे यश मिळाले ते १९९० च्या 'विंडोज ३.०' पासून. २४ ऑगस्ट १९९५ रोजी 'विंडोज ९५' दुकानांत आली, तेव्हा ती विकत घेण्यासाठी अनेक देशांत मध्यरात्री रांगा लागल्या होत्या.

यामागे एक साधे चक्र होते. ग्राहक विंडोजकडे अधिक, म्हणून सॉफ्टवेअर लिहिणारे विंडोजसाठी आधी लिहिणार. सॉफ्टवेअर विंडोजवर अधिक, म्हणून नवा ग्राहक विंडोजच घेणार. हे चक्र इतके बळकट झाले की मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकारला मायक्रोसॉफ्टविरुद्ध मक्तेदारीचा खटला भरावा लागला. न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी जून २००० मध्ये कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. अपील न्यायालयाने २००१ मध्ये तो आदेश रद्द केला आणि पुढे तडजोड झाली. कायद्याला जे जमले नाही, ते पुढे बाजारानेच वेगळ्या मार्गाने घडवून आणले.

फसलेली भाकिते

विंडोजच्या अंताची भाकिते मात्र वारंवार फसली आहेत. एप्रिल २००८ मध्ये 'गार्टनर' या संस्थेच्या दोन विश्लेषकांनी लास वेगास येथील परिषदेत 'विंडोज कोसळत आहे' असे जाहीरपणे सांगितले. त्याला तेव्हा सबळ कारणही होते. २००७ मध्ये आलेली 'व्हिस्टा' ही आवृत्ती जड आणि संथ म्हणून बदनाम झाली होती आणि अनेक कंपन्या जुनी 'एक्सपी' सोडायला तयार नव्हत्या. पण ऑक्टोबर २००९ मध्ये 'विंडोज ७' आली आणि ग्राहकांनी तिचे स्वागत केले. २०१२ मधील 'विंडोज ८' ने परिचित 'स्टार्ट' बटणच काढून टाकून पुन्हा रोष ओढवून घेतला. तीन वर्षांनी आलेल्या 'विंडोज १०' ने ती नाराजीही बरीचशी दूर केली.

संगणकाच्या इतिहासात याला एक बोधप्रद पूर्वपीठिका आहे. जगातील शेवटचा मेनफ्रेम संगणक १५ मार्च १९९६ रोजी बंद होईल, असे भाकीत एका अमेरिकी स्तंभलेखकाने १९९१ मध्ये तारखेनिशी केले होते. प्रत्यक्षात आयबीएमने २०२५ मध्येही नवा मेनफ्रेम बाजारात आणला आणि मोठमोठ्या बँकांचे व्यवहार आजही अशा यंत्रांवर चालतात. तंत्रज्ञान क्वचितच मरते. ते केंद्रस्थान सोडून कोपऱ्यात जाते आणि तेथे निगुतीने काम करत राहते.

आकड्यांची दोन रूपे

मग विंडोज आज कोठे आहे? संकेतस्थळांवरील भेटींवरून अंदाज बांधणाऱ्या 'स्टॅटकाउंटर' च्या पाहणीनुसार, टेबलावरच्या आणि मांडीवरच्या संगणकांत विंडोजचा वाटा २००९ च्या सुमारास नव्वद टक्क्यांहून अधिक होता. २०२४-२५ मध्ये तो सत्तर टक्क्यांच्या आसपास होता. उरलेली जागा मुख्यत्वे ॲपलचे मॅक, गुगलचे क्रोमबुक आणि लिनक्स यांनी व्यापली आहे. ही घट लक्षणीय असली, तरी दहापैकी सात संगणक ज्याच्या ताब्यात आहेत त्याला पराभूत म्हणणे धाडसाचे ठरेल.

पण याच पाहणीत फोन आणि टॅबलेट मिळवले की चित्र पालटते. मार्च २०१७ मध्ये जगातील इंटरनेट वापरात अँड्रॉइडचा वाटा ३७.९३ टक्के, तर विंडोजचा ३७.९१ टक्के नोंदवला गेला. फरक नगण्य होता, पण ऐंशीच्या दशकापासून चालत आलेले मायक्रोसॉफ्टचे अग्रस्थान त्या महिन्यात गेले आणि पुढच्या काळात दरी रुंदावली.

आकड्यांबाबत सावधगिरी का बाळगावी, याचे उदाहरण जून २०२५ मध्ये पाहायला मिळाले. मायक्रोसॉफ्टच्या एका अधिकृत लेखात विंडोज 'शंभर कोटींहून अधिक' उपकरणांवर चालते, असा उल्लेख आला. कंपनीनेच पूर्वी १४० कोटींचा आकडा दिलेला असल्याने विंडोजने चाळीस कोटी ग्राहक गमावल्याच्या बातम्या झळकल्या. त्यानंतर कंपनीने लेखात दुरुस्ती करून पुन्हा १४० कोटी हा आकडा घातला. सैलपणे लिहिलेल्या एका वाक्यावर साम्राज्याचा मृत्युलेख उभा राहिला होता.

हुकलेली गाडी

विंडोजची खरी हार झाली ती संगणकावर नव्हे, खिशात. जून २००७ मध्ये ॲपलचा आयफोन विक्रीस आला, त्याआधीच मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी त्याच्या किमतीची खिल्ली उडवली होती. पुढच्याच वर्षी पहिला अँड्रॉइड फोन आला. गुगल आपली प्रणाली फोन उत्पादकांना परवाना शुल्काविना देत होती. मायक्रोसॉफ्ट मात्र संगणकाप्रमाणेच फोनसाठीही शुल्क आकारत होती. नव्या तंत्राचा 'विंडोज फोन' २०१० च्या अखेरीस आला, तोवर ॲप लिहिणाऱ्यांनी आपले घर निवडले होते. ज्या चक्राने विंडोजला सिंहासनावर बसवले, तेच आता उलटे फिरले. ग्राहक नाहीत म्हणून ॲप नाहीत आणि ॲप नाहीत म्हणून ग्राहक नाहीत. कंपनीने २०१४ मध्ये नोकियाचा फोन व्यवसाय विकत घेतला आणि जुलै २०१५ मध्ये त्यापोटी तब्बल ७.६ अब्ज डॉलर बुडीत खाती टाकले.

भारतासारख्या देशात याचा अर्थ अधिक खोल आहे. येथील कोट्यवधी लोकांची इंटरनेटशी पहिली ओळख संगणकावर झालीच नाही. ती थेट फोनवर झाली. त्यांच्यापुरती विंडोज मागे पडली असे म्हणता येत नाही, कारण ती त्यांच्या आयुष्यात कधी आलीच नव्हती.

मालकाचेच लक्ष अन्यत्र

दुसरा बदल मायक्रोसॉफ्टच्या घरातच झाला. हैदराबादेत जन्मलेले सत्या नाडेला यांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीची सूत्रे हाती घेतली आणि दोन महिन्यांच्या आत 'ऑफिस' हे सॉफ्टवेअर ॲपलच्या आयपॅडवर उपलब्ध झाले. विंडोजचा विस्तार हेच सर्व निर्णयांचे अंतिम प्रयोजन, या जुन्या धोरणाला दिलेली ती सोडचिठ्ठी होती. ज्या लिनक्सला बाल्मर यांनी २००१ मध्ये कर्करोगाची उपमा दिली होती, तीच प्रणाली २०१६ पासून खुद्द विंडोजच्या आत चालू लागली. २०१८ मध्ये विंडोजचा स्वतंत्र विभाग मोडून त्याची कामे अन्य विभागांत वाटण्यात आली.

हिशेबाची वही हेच सांगते. जून २०२४ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात कंपनीचे उत्पन्न सुमारे २४५ अब्ज डॉलर होते. त्यात विंडोजचा वाटा होता २३ अब्ज, म्हणजे दहा टक्क्यांहूनही कमी. तर सर्व्हर आणि क्लाउड सेवांनी सुमारे ९८ अब्ज डॉलर मिळवून दिले. विंडोज आजही कमावती आहे, पण घर तिच्यावर चालत नाही. ग्राहकाला कधी जाहिरात, कधी सशुल्क क्लाउड, कधी 'कोपायलट' पुढे केला जातो, त्याचे मूळ येथे आहे. विंडोज हा विकण्याचा माल न राहता इतर माल विकण्याचे दुकान झाले आहे. मे २०२४ मध्ये जाहीर झालेल्या 'रिकॉल' या सुविधेत संगणकाच्या पडद्याची छायाचित्रे सतत टिपून ठेवली जाणार होती. खासगीपणाच्या आक्षेपांमुळे ती तेव्हा लांबणीवर टाकावी लागली आणि सुधारित रूपात २०२५ मध्ये आली.

तरीही टिकून का?

इतके असूनही कार्यालयांतून विंडोज हटत नाही. जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जाण्याचा निर्णय घेतला आणि दहा वर्षे खपून सुमारे पंधरा हजार संगणक बदलले. २०१७ मध्ये त्याच महापालिकेने विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. याउलट त्याच देशातील श्लेस्विग-होल्श्टाइन या राज्याने २०२४ मध्ये तीस हजार सरकारी संगणकांवरून मायक्रोसॉफ्टची सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्याने काढण्याचे जाहीर केले. आपल्याकडे केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग दीर्घकाळ चालवून दाखवला आहे. बदल अशक्य नाही. पण तो केवळ तांत्रिक नसतो, त्याला राजकीय चिकाटी लागते, असा याचा अर्थ.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर ही गुंतवणूक मराठी अक्षरांत आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर 'श्रीलिपी', 'आकृती' यांसारख्या सॉफ्टवेअरमधून टाइप होत असे. त्यांची अक्षरसंकेतांची रचना परस्परांशी जुळत नसे आणि ती सारी प्रामुख्याने विंडोजवर चालत. पुस्तके, दिवाळी अंक, लग्नपत्रिका अशा असंख्य जुन्या फाइली याच साच्यात अडकलेल्या आहेत. शिवाय 'एमएस-सीआयटी' च्या वर्गांतून लाखो मराठी तरुण संगणक शिकले, ते विंडोज आणि ऑफिसवरच. त्यांच्या दृष्टीने संगणक आणि विंडोज हे समानार्थी शब्द होते. सवय ही कोणत्याही परवान्यापेक्षा चिवट असते.

या अवलंबित्वाची खोली १९ जुलै २०२४ रोजी जगाला कळली. 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. मायक्रोसॉफ्टच्याच म्हणण्यानुसार ही संख्या एकूण विंडोज संगणकांच्या एक टक्क्याहूनही कमी होती. तरीही रुग्णालये, बँका, विमानतळ ठप्प झाले. भारतात काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. जी प्रणाली एक टक्का कोलमडताच जग थांबते, ती मोडीत निघाली असे कसे म्हणावे?

सत्ता गेली, पकड राहिली

थोडक्यात, विंडोजचे राज्य बुडालेले नाही. त्याची सार्वभौम सत्ता मात्र गेली आहे. उद्याचे सॉफ्टवेअर कसे असावे, हे आता विंडोज ठरवत नाही. ते फोनवर गुगल आणि ॲपल ठरवतात, तर क्लाउडवर ॲमेझॉन, गुगल आणि खुद्द मायक्रोसॉफ्ट. म्हणूनच विंडोजचा ऱ्हास म्हणजे ग्राहकाची मुक्तता, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. एका मक्तेदारीची जागा दोघा-तिघांच्या मक्तेदारीने घेतली, इतकेच.

उलट उतरणीला लागलेली सत्ता ग्राहकाला अधिक जाचक ठरू शकते, कारण मालकाला त्याला राजी ठेवण्याची निकड उरत नाही. 'विंडोज १०' च्या प्रकरणात हे स्पष्ट दिसले. घरगुती ग्राहकांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत एका वर्षाची वाढीव सुरक्षा मिळवण्यासाठी तीस डॉलर मोजणे, कंपनीचे 'रिवॉर्ड्स' गुण खर्च करणे किंवा संगणकाच्या सेटिंग्ज तिच्या क्लाउडवर ठेवणे, असे पर्याय देण्यात आले. युरोपात मात्र ग्राहक संघटनांच्या दबावानंतर पैसे आणि क्लाउड या दोन्ही अटी मागे घ्याव्या लागल्या. सॉफ्टवेअर तेच, कंपनी तीच. फरक पडला तो ग्राहकांच्या संघटित आवाजाचा.

म्हणून विंडोज आणखी किती वर्षे जगेल, या प्रश्नापेक्षा दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. पैसे देऊन घेतलेले, सुस्थितीतील यंत्र किती वर्षे वापरायचे, हे कोण ठरवणार, त्याचा मालक की ऑपरेटिंग सिस्टीमचा? सरकारी कार्यालये, शाळा आणि घराघरांतील जुन्या संगणकांचे भवितव्य या उत्तरावर अवलंबून आहे. आणि हा प्रश्न विंडोजपुरता नाही; उद्या तो प्रत्येकाच्या खिशातील फोनबाबतही विचारावा लागणार आहे.