धरणकाठचे तुतवार

तुतवार, चिखल्या, टिलवे, पाणलावे हे ओल्या काठावर किडे, अळ्या, गोगलगायी टिपणारे किनारपक्षी. ठाण्याच्या खाडीवर त्यांचे मोठे थवे दिसतात, म्हणून ते समुद्राचेच असे वाटते. पण मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतही ते दर हिवाळ्यात असतात. इथे थवा क्वचितच. बहुधा एकटा-दुकटा पक्षी दिसतो, आणि तो शोधावा लागतो.

हे पक्षी सैबेरिया आणि मध्य आशियातून ज्या वाटेने भारताकडे येतात, ती मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणून ओळखली जाते. सर्वांत आधी येणाऱ्यांत हिरवा तुतवार असतो. ऑगस्टमध्ये, पाऊस चालू असतानाच तो ओढ्याकाठी हजर होतो. उत्तरेच्या अरण्यात हा पक्षी कस्तुरासारख्या पक्ष्यांनी सोडलेल्या, झाडावरच्या जुन्या घरट्यांत अंडी घालतो. किनारपक्ष्यांत ही रीत विरळाच.

खाडीवर निरीक्षणाची वेळ भरती-ओहोटी ठरवते. इथे ती पाण्याची पातळी ठरवते. पावसाळ्याअखेर भातसा, बारवी, तानसा ही धरणे काठोकाठ भरलेली असतात, तेव्हा चिखल उघडा नसतो. त्या दिवसांत भाताची ओली खाचरे आणि गावतळी पाहावीत: पाणलावा बांधाच्या गवतात दडलेला असतो आणि अगदी जवळ गेल्यावर नागमोडी वळणे घेत उडतो. हिवाळा सरताना धरणांचे पाणी उतरू लागते, गाळाचे पट्टे उघडे पडतात आणि पक्षी तिकडे सरकतात. काळू आणि शाई नद्यांच्या गोट्यांवर कंठेरी चिखल्या धावत-थांबत चरतो. त्याच्या डोळ्याभोवतीचे पिवळे कडे दुर्बिणीतून स्पष्ट दिसते. कंठेरी चिखल्यांतले काही पक्षी स्थानिकही असतात आणि गोट्यांतच अंडी घालतात, म्हणून उन्हाळ्यात नदीपात्रात पाऊल जपून टाकावे.

नवख्याला खरा गोंधळ होतो तो तीन तुतवारांत. सामान्य तुतवार शेपूट सतत हलवतो, पाण्यालगत ताठ पंखांनी उडतो, आणि तेव्हा त्याच्या पंखांवर पांढरी पट्टी उमटते. हिरवा तुतवार वरून गडद असतो, उडताना त्याचा पांढरा कंबरभाग एकदम चमकतो. तिसऱ्या, ठिपकेवाल्या तुतवाराचे पाय पिवळसर, भुवई ठळक आणि पंखांची खालची बाजू फिकट असते. हिरव्याची ती बाजू काळसर दिसते. आकारापेक्षा उडण्याकडे आणि आवाजाकडे लक्ष दिलेले बरे.

सकाळी सूर्य पाठीशी घेऊन, काठापासून दूर बसून पाहावे. चिखलात उतरले की पक्षी उठतात आणि त्यांचे चरणे थांबते. परतीच्या प्रवासाआधी, मार्च-एप्रिलमध्ये, अंगावर चरबी साठवताना हा व्यत्यय त्यांना सर्वांत महाग पडतो. तानसा अभयारण्यात जाण्यासाठी वनखात्याची परवानगी घ्यावी.

तारीख, जागा, पाण्याची पातळी आणि पक्ष्यांची संख्या नोंदवावी. एकही पक्षी दिसला नाही, तर तेही. १९८७पासून दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत आणि ई-बर्ड या संकेतस्थळावर अशा नोंदी देता येतात. खाडीच्या मानाने आतल्या छोट्या तळ्यांची माहिती फार थोडी जमते, आणि एकाच तळ्यावर वर्षानुवर्षे ठेवलेली वही ती उणीव भरून काढते.