विमानाच्या पंखावरील वायुप्रवाह

वाऱ्याचा झोत नसलेल्या वर्गात उदबत्ती लावावी. धूर प्रथम सरळ रेषेत वर चढतो. काही अंतरावर ती रेषा नागमोडी होते व अखेर भोवऱ्यांत विस्कटते. विमानाच्या पंखावरील हवेतही असाच पालट घडतो. मात्र तेथे हवा पृष्ठभागाला लागून वाहते, हा भेद विद्यार्थ्यांस सांगावा.

पंखाला चिकटलेली हवा पंखाबरोबरच चालते; तिच्यावरील थर क्रमाने तिला मागे सारून निसटतात. या पातळ पट्ट्यास सीमास्तर म्हणतात. ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ साली मांडली. पंखाच्या पुढील कडेजवळ थर एकमेकांत न मिसळता वाहतात. हा स्तरीय प्रवाह होय. पुढे त्यांत सूक्ष्म लाटा उठतात. त्या शमल्या नाहीत तर वाढून फुटतात आणि प्रवाह संक्षुब्ध होतो. वेग जितका अधिक, तितका हा पालट पुढील कडेच्या जवळ येतो. पृष्ठभागावर चिकटलेला किडाही त्यास पुरेसा होतो.

संक्षुब्ध प्रवाहात घर्षण वाढते व इंधन अधिक लागते. तथापि तो सर्वथा अनिष्ट नव्हे. बाहेरील वेगवान हवा खाली आणल्यामुळे तो पंखाला अधिक काळ धरून राहतो. प्रवाह पंखापासून सुटला, तर उचल घटून विमान धोक्यात येते. प्रवाह खळबळणे आणि सुटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अध्यापनात त्यांची गल्लत होऊ देऊ नये.