ठेसन आणि इस्टेशन

अंबडचा माणूस आगगाडी धरायला जालन्याला जातो. तिथे पोचल्यावर कोणी ‘ठेसन आलं’ म्हणतो, कोणी ‘इस्टेशन’. शिकलेला मुलगा वडिलांना हसतो. हसण्यापूर्वी त्याने कारण पाहावे.

शब्दारंभीच्या जोडाक्षरातला ‘स्’ गळावा आणि मागे हकार ठेवून जावा, ही मराठीची जुनी रीत. स्कंधाचा खांदा झाला, स्थानाचे ठाणे झाले. तसेच स्टेशनचे ‘ठेसन’ झाले. ‘इस्टेशन’मध्ये ‘स्’ टिकला, पण आधी ‘इ’ आली. हे हिंदुस्थानीचे वळण. हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत राजभाषा उर्दू होती. ते वळण इकडे रुळले यात नवल नाही.

बरे, शुद्ध इंग्रजी तरी कोणते? ‘कार’मधला शेवटचा ‘र’ लंडनचा सुशिक्षित गिळतो, स्कॉटलंडचा स्पष्ट म्हणतो. इंग्रजांनीही आपल्या जगन्नाथाचा ‘जगरनॉट’ केलाच!

परक्याशी बोलताना त्याला समजेल असा उच्चार मुलांनी अवश्य शिकावा. पण वडिलांच्या ‘ठेसना’ला अडाणीपणा म्हणू नये. त्यात मराठीचा नियम जागा आहे.