इंजिन बांधणीचा हुन्नर : हाताला मापाची जोड हवी

मुंबई-नाशिक महामार्गावर आटगाव हे कसारा घाटाच्या अलीकडचे गाव. भरलेली गाडी घाट चढू लागली की इंजिनातला कच्चेपणा लपत नाही. म्हणून शहापूरपासून खर्डीपर्यंतच्या पट्ट्यात गॅरेजचा धंदा रस्त्याच्या आधाराने चालत आला. पण ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि वाहनांना दुसरी वाट मिळाली. गाडी बंद पडली म्हणून येणाऱ्या गिऱ्हाइकावर आता विसंबता येणार नाही. काम चोख म्हणून मुद्दाम येणारे गिऱ्हाईक जोडावे लागेल.

मोटार दुरुस्ती हा आपल्या समाजाचा जुना रोजगार आहे. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातही त्याची नोंद आहे. पोरगा उस्तादाकडे राहतो, आधी पाने देतो, मग नट खोलतो आणि काही वर्षांत आवाजावरून दोष ओळखू लागतो. ही शिकवणी मोलाची आहे, पण तिच्यात मोजमाप कमी पडते. "चालेल" या अंदाजावर बांधलेले इंजिन काही हजार किलोमीटरमध्ये परत येते आणि मजुरीबरोबर नावही जाते.

शिकणाऱ्याने चार गोष्टी क्रमाने हाताखालून घालाव्यात, असे आम्हास वाटते.

पहिली, इंजिन उघडण्यापूर्वी निदान. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा म्हणजे न जळलेले डिझेल किंवा सिलिंडरमध्ये पाणी. कम्प्रेशन गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब लिहून घ्यावा. दोष हेड गॅस्केटचा असताना पूर्ण इंजिन उघडणे हे गिऱ्हाइकाचे नुकसान आहे.

दुसरी, खोलणे. मेन बेअरिंगच्या आणि कनेक्टिंग रॉडच्या कॅपवर नंबर टाकावेत. त्यांची अदलाबदल झाली की बेअरिंग गेलेच समजा.

तिसरी, मोजणी. बोअर वर, मध्ये व खाली, दोन्ही दिशांनी, म्हणजे सहा ठिकाणी मोजावा. त्यातून झीज आणि लंबगोलपणा कळतो. क्रँकचे जर्नल मायक्रोमीटरने पाहावेत. क्रँक ०.२५ मिलिमीटरने ग्राइंड केला तर बेअरिंगही त्याच अंडरसाइजचे हवे. बोअरिंग करायचे की नाही हे कंपनीच्या पुस्तकातील मर्यादा ठरवते, टर्नर नव्हे.

चौथी, जोडणी. प्रत्येक रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिचा गॅप फीलर गेजने तपासावा आणि पिस्टनवर रिंगांची तोंडे एका रेषेत येऊ देऊ नयेत. हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या बाजूस, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच आवळावेत.

नव्या गाड्यांबाबत एक इशारा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाले. कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब १,५०० बारच्या वरही जातो. कोणता सिलिंडर मारत नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनात इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करण्याची जुनी रीत येथे जिवावर बेतू शकते. ती धार कातडीतून आत शिरते. अशा गाड्यांसाठी स्कॅनर वापरणे शिकलेच पाहिजे.

आता कागदाचा प्रश्न. दहावी पास मुलासाठी आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा आणि मेकॅनिक मोटर व्हेइकल हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. प्रवेशाची चौकशी निकालानंतर लगेच करावी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. चारपासून पुढे कामगार असलेले गॅरेजही ते घेऊ शकते. अनुभव आहे पण दाखला नाही, अशा कारागिरांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय २०१५ नंतर प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत करण्यात आली. जवळ कोणते केंद्र चालू आहे याची खात्री करूनच जावे. २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत मोटार मेकॅनिक नाही. त्या नावाने कोणी अर्जाचे पैसे मागितले तर देऊ नयेत.

गॅरेजमालक बंधूंना आमची विनंती आहे की १४ वर्षांखालील मुलास कामाला ठेवू नये. तो गुन्हा आहे, आणि त्याची जागा शाळेत आहे. जो शिकण्याच्या वयाचा आहे त्याच्या हाती पान्याबरोबर मायक्रोमीटर आणि एक वही द्यावी. प्रत्येक इंजिनाची मापे त्याने तारखेसह त्या वहीत लिहावीत. तीच वही गिऱ्हाइकाला दाखवता येईल आणि उद्या परीक्षेला बसताना त्याला उपयोगी पडेल.