नाव भाड्याने मिळते, समुद्र नव्हे

औसा हे लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. खंदकाने वेढलेला भुईकोट किल्ला, काळीभोर शेती आणि दक्षिणेकडून वाहणारी तेरणा हा या भूमीचा परिचय. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर आहे. या भागातील मुलगा पोहावयास शिकतो तो विहिरीत, पाठीला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधून. पाणी ही येथे नेहमीच जपून वापरण्याची वस्तू राहिली आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ही घटना जिल्ह्याच्या स्मरणात अद्याप ताजी आहे.

आता याच मिरजेवरून औशाची कुटुंबे उलट दिशेने, समुद्र पाहावयास जातात. तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर आणि नंतर करूळ, फोंडा किंवा आंबोली यांपैकी एखादा घाट उतरला की सिंधुदुर्ग जिल्हा लागतो. दिवाळीच्या वा उन्हाळ्याच्या सुटीत चार घरांनी मिळून गाडी करावी, मालवणला मुक्काम करावा आणि एक दिवस स्वतःपुरती नाव ठरवून किल्ला, खाडी व समुद्रातील प्रवाळ पाहावेत, अशी ही सहल असते. असा प्रवास उत्तम शिक्षण होय. तथापि विहिरीच्या अनुभवावर समुद्राची पारख करता येत नाही. नावेत पाऊल ठेवण्यापूर्वी काही गोष्टी समजून घेणे त्यामुळे अगत्याचे ठरते.

मालवणच्या पाण्यातील वैभव

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. मालवणच्या समोर कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी बांधलेला सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे. त्याची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी झाली. मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत या किल्ल्याचा समावेश आहे. मराठवाड्यातील पाहुण्याला तटबंदीइतकेच आश्चर्य वाटते ते किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरींचे. चहूकडे खारे पाणी आणि मध्ये गोडे, हा चमत्कार नव्हे. खडकात मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने वर तरंगून राहते. बेतानेच उपसले तर ते गोडे राहते. पाण्याच्या काटकसरीचा हा धडा औशाला वेगळा शिकवावयास नको.

किल्ल्याभोवतीच्या समुद्राचे महत्त्व किल्ल्याहून कमी नाही. १९८७ मध्ये सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. येथील खडकांवर प्रवाळांची वस्ती असून त्यांच्या आश्रयाने रंगीबेरंगी मासे, समुद्री काकड्या, खेकडे व शंखशिंपले राहतात. दक्षिणेस तारकर्ली व देवबाग येथे कर्ली नदी समुद्रास मिळते. तेथे खाडीची सफर करता येते आणि कधी कधी डॉल्फिनही दृष्टीस पडतात.

श्वासनळी आणि मुखवटा

समुद्राचे अंतरंग पाहण्याचे दोन प्रकार आहेत. पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल जाणे यास स्कूबा म्हणतात. त्यासाठी प्रशिक्षित मार्गदर्शक लागतो. स्नॉर्कलिंग त्यामानाने सोपे. यात पाण्याच्या पृष्ठभागावर पालथे तरंगावयाचे, डोळे व नाक झाकणारा मुखवटा लावावयाचा आणि तोंडात धरलेल्या वाकड्या नळीने वरची हवा घ्यावयाची.

ही नळी हातभरही लांब का नसते, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. एक मीटर खोलीवर पाणी छातीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे शंभर ग्रॅम वजनाइतका दाब टाकते. त्या दाबाविरुद्ध छाती फुगवून वरची हवा ओढणे फार वेळ शक्य होत नाही. शिवाय लांब नळीत उच्छ्वासाची अशुद्ध हवा साचून तीच पुन्हा आत घेतली जाते. म्हणून नळी आखूड असते व माणसाला पृष्ठभागावरच राहावे लागते. नळीत पाणी शिरल्यास घाबरून न जाता डोके वर काढावे आणि जोराने फुंकून पाणी बाहेर टाकावे. हा सराव कमरेइतक्या पाण्यात, किनाऱ्यालगत, आधी करून घ्यावा.

मुखवट्याचे कार्यही समजून घेण्यासारखे आहे. उघडा डोळा पाण्यात अंधुक पाहतो. डोळा व पाणी यांच्यामध्ये हवेचा थर आला की चित्र स्पष्ट होते. परंतु प्रकाशकिरण वाकत असल्याने वस्तू प्रत्यक्षापेक्षा सुमारे एकचतुर्थांश जवळ आणि एकतृतीयांश मोठी दिसते. नवख्या माणसाला तळ हाताशी आल्यासारखा वाटतो. तो उभा राहावयास जातो आणि पायाखाली तळ नसल्याचे कळताच गांगरतो, किंवा त्याचा पाय नेमका प्रवाळावर पडतो. दृष्टिभ्रमाची ही कल्पना पूर्वी असेल, तर दोन्ही टळते.

विहीर आणि समुद्र

विहिरीत पोहणाऱ्याला चार हातांवर कठडा किंवा पायरी मिळते. पाणी स्थिर असते. समुद्राचे पाणी खारे व जड असल्याने त्यात शरीर अधिक तरंगते हे खरे. परंतु तेथे कठडा नाही आणि पाणी क्षणभरही स्थिर नसते. प्रवाळ पाहण्यात रमलेला माणूस प्रवाहाबरोबर नकळत नावेपासून दूर जातो. परतताना प्रवाहाविरुद्ध हात मारून तो थकतो. अशा प्रसंगी उत्तम पोहणाराही बुडू शकतो. म्हणून पोहता येवो वा न येवो, जीवरक्षक जाकीट अंगात असलेच पाहिजे. जाकीट घातलेल्याने पालथे तरंगून पाहण्यात काहीच अडचण येत नाही.

समुद्राचे वेळापत्रक तिथीवर चालते. किनाऱ्यावरील जुना आडाखा असा की, तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले असता भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीस आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, तेव्हा सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते आणि प्रवाहाला जोर असतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असून पाणी तुलनेने शांत असते. हा आडाखा ढोबळ आहे. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या कोष्टकावरून व स्थानिक खलाशांकडून जाणून घ्यावी.

ऋतूचाही विचार करावा लागतो. पावसाळ्यात नद्यांचा गाळ समुद्रात येऊन पाणी गढूळ होते. नोव्हेंबरपासून ते निवळू लागते व हिवाळ्यात तळ चांगला दिसतो. मे अखेरीस वारा फिरतो, लाटा वाढतात आणि पर्यटकांची जलवाहतूक पावसाळा संपेपर्यंत बंद ठेवली जाते. यांत्रिक नौकांच्या मासेमारीलाही १ जून ते ३१ जुलै या काळात बंदी असते. उन्हाळी सुटीचे शेवटचे दिवस आणि समुद्राने रूप पालटण्याचे दिवस एकच असतात, ही बाब सहल आखणाऱ्याने विशेष ध्यानी घ्यावी. २४ मे २०२२ रोजी तारकर्ली येथे पर्यटकांची नौका किनाऱ्याकडे परतताना उलटली आणि दोन पर्यटकांना प्राण गमवावे लागले. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या बंदरात घारापुरीस निघालेल्या प्रवासी नौकेला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून पंधरा जण मृत्युमुखी पडले. तेव्हा हवामान शांत होते. अपघात नेहमी वादळाची वाट पाहत नाही, आणि जाकीट अंगात घालावयाचे असते ते यासाठीच.

नाव ठरविताना

संपूर्ण नाव स्वतःच्या कुटुंबापुरती घेण्यात सोय असते. वृद्धांना घाई होत नाही, मुलांना मनसोक्त पाहता येते. परंतु धोकाही येथेच असतो. इतरांबरोबर तिकीट काढून बसलेला प्रवासी खलाशाचे ऐकतो. पूर्ण नाव घेणाऱ्याला मात्र आपण मालक झालो असे वाटू लागते. "दोन माणसे जास्त बसू द्या", "आणखी थोडे आत चला", "सूर्यास्त पाहूनच परतू", असा आग्रह तो धरतो आणि गिऱ्हाईक दुखावू नये म्हणून एखादा तांडेल तो मान्यही करतो. वास्तविक, भाडे दिले जाते ते नावेचे आणि तांडेलाच्या अनुभवाचे. "आज जाता येणार नाही" असे सांगणारा तांडेल गिऱ्हाईक गमावतो, पण माणसे वाचवितो. त्याचा नकार हा सेवेचाच भाग समजावा.

नावेत बसण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, नौकेची नोंदणी व तपासणी झाली आहे काय. राज्याच्या बंदरांतील प्रवासी जलवाहतुकीचे नियमन १९९६ च्या कायद्यान्वये स्थापन झालेले महाराष्ट्र सागरी मंडळ करते. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ याद्वारे अशा जलमार्गांवरील नौकांची नोंदणी, तपासणी व जीवरक्षक साधने यांविषयी तरतुदी करण्यात आल्या आहेत. दुसरी, नौकेची मंजूर प्रवासीसंख्या किती. कडेवरचे मूलही माणूसच मोजावे. तिसरी, प्रत्येकासाठी, मुलांकरिता त्यांच्या मापाचे, जाकीट आहे काय. जाकीट बसण्याची गादी म्हणून वा उशाला घेऊन उपयोगाचे नाही. ते अंगात घालून त्याचे सर्व पट्टे आवळलेले हवेत. मुलाचे जाकीट खांद्याजवळ धरून वर उचलून पाहावे. ते हनुवटीवर सरकत असेल, तर माप चुकले असे समजावे.

हृदयविकार, दमा वा फिट्सचा त्रास असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय पाण्यात उतरू नये. मद्यप्राशन केलेल्याने तर मुळीच नाही. पाण्यात जोडीने राहावे आणि नावेवर एक जाणता माणूस केवळ लक्ष ठेवण्यासाठी असावा. समुद्रातील आपत्तीत तटरक्षक दलाचा १५५४ आणि सर्वसाधारण मदतीचा ११२ हे क्रमांक प्रत्येकाजवळ लिहिलेले असावेत.

पायाखालचा जीव

प्रवाळ दगडासारखा दिसतो, परंतु ती असंख्य सूक्ष्म प्राण्यांची वसाहत असते. त्यांच्या शरीरात राहणारी एकपेशीय शैवाले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात व त्याचा वाटा प्रवाळाला देतात. पाणी प्रमाणाबाहेर तापले की ही भागीदारी मोडते, शैवाले बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरे पडतात. मालवण परिसरातील अशा विरंजनाची नोंद शास्त्रज्ञांनी केली आहे. गोलाकार प्रवाळाची वाढ वर्षाकाठी साधारणतः एक-दोन सेंटिमीटरच होते. नातवाचा पाय पडून तुटलेला तुकडा आजोबांच्या जन्माआधीपासून वाढत असू शकतो. नांगर प्रवाळावर टाकू देऊ नये, माशांना पाव वा बिस्किटे घालू नयेत आणि आठवण म्हणून काहीही उचलून आणू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये प्रवाळांना संरक्षण असून ते तोडणे वा बाळगणे हा गुन्हा आहे.

शाळा व पंचायती यांचे कार्य

शालेय सहलीसाठी शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. परंतु परवानगीचा कागद पाण्यात तारत नाही. सहलीपूर्वी एक तास वर्गात द्यावा. तिथीवरून भरतीची वेळ काढणे हा गणिताचा, पाण्याचा दाब हा विज्ञानाचा आणि सिंधुदुर्ग हा इतिहासाचा पाठ होऊ शकतो. नावेत चढताना व उतरताना हजेरी घ्यावी. विद्यार्थ्यांना पाण्यात उतरविण्यापेक्षा किल्ल्याची व खाडीची सफर घडविणे अधिक श्रेयस्कर.

पंचायत सदस्यांनी आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. वेंगुर्ले येथे मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या भगिनींनी कांदळवन सफर सुरू केली. त्या स्वतः वल्ही मारून पाहुण्यांना खाडीतील झाडे, पक्षी व जलचर यांची माहिती देतात. जपलेले कांदळवन त्यांना उत्पन्न देते, म्हणून ते जपण्यात त्यांचे हित आहे. औशालाही किल्ला आहे, खंदक आहे, इतिहास आहे. आपल्या गावचे वैभव स्वतः समजून घेऊन पाहुण्याला सांगणे हा उद्योग केवळ समुद्रकाठीच चालतो असे नाही.

कोरडवाहू मुलखातील माणसाला पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. तीच जाण त्याने समुद्रावर सोबत न्यावी. जाकिटाचा पट्टा आवळणे, तांडेलाचा शब्द मानणे आणि प्रवाळावर पाय न ठेवणे एवढे पाळले, तर सुटी संपवून सारे कुटुंब सुखरूप औशाला परतेल आणि मालवणचा समुद्र पुढच्या पाहुण्यासाठी होता तसाच राहील.