घरचा व्यायाम आणि ताटांतील वरण

निवृत्त होतांच मी एकाएकीं रोज शंभर नमस्कार घालूं लागलों व जेवण निम्म्यावर आणलें. दोन महिन्यांत अंग हलकें झालें खरें. परंतु पाण्याची बादली उचलतांना हात कांपूं लागले!

दोष नमस्कारांचा नव्हे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं ते घरोघरीं नेले, हें ऋण मोठेंच. पण नमस्कारांत दंड व छाती लोटण्याचें काम करितात. पाठीच्या ओढणाऱ्या स्नायूंस अल्पच श्रम पडतात. म्हणून आतां नमस्कार बाराच. आठवड्यांतून दोन दिवस कमरेंत वांकून भरलेली पिशवी पोटाशीं ओढतों, हात न टेकतां खुर्चीवरून दहादां उठतों. सहज जमलें तरच एक आवर्तन वाढवितों. शिवाय रोज अर्धा तास झपझप चालणें.

आणि आहार? प्रौढास दर किलो वजनामागें दिवसाला सुमारें ०.८३ ग्रॅम प्रथिन लागतें. म्हणजे साठ किलोच्या माणसास पन्नास ग्रॅम. तीस ग्रॅम तुरडाळींत तें सहासातच! तेव्हां पातळ वरणावर भागत नाहीं. उसळ, दहीं, शेंगदाणे हवेत. पत्नीनें हें आधींच सांगितलें होतें, पण मास्तर ऐकतो कोठें?

बादली आतां न सांडतां दुसऱ्या मजल्यावर जाते.