अंगावरचे केस गेले कुठे?

कल्याणच्या एका शाळेत आम्ही उत्क्रांतीवर बोलायला गेलो होतो. तास संपता संपता आठवीतल्या एका मुलीने विचारले, ''माणसाच्या अंगावरचे केस गेले, मग डोक्यावरचेच का राहिले?'' गरज उरली नाही म्हणून गेले, हे नेहमीचे उत्तर तिला पुरणारे नव्हते. केवळ गरज नाही म्हणून कोणतीच गोष्ट आपोआप गळून पडत नाही.

मुळात केस गेलेलेच नाहीत. खिडकीपाशी हात तिरपा धरून पाहा, बारीक लव चमकेल. आपल्या अंगावर केसांची सुमारे ५० लाख मुळे असतात आणि चिंपँझीच्या अंगावरही साधारण तेवढीच. आपला केस बारीक व आखूड झाला, एवढेच. वाढल्या त्या घर्मग्रंथी. माणसाच्या त्वचेत त्या २० ते ४० लाख असतात, चिंपँझीपेक्षा सुमारे दहापट दाट.

या दोन गोष्टींचा संबंध आहे. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. तेवढ्या उष्णतेत जवळजवळ सहा ग्रॅम बर्फगार पाणी उकळीला येईल! पण दाट केसांत घाम अडकला तर तो केसांच्या टोकाशी वाळतो आणि त्वचेला गारवा कमी मिळतो. आफ्रिकेच्या उघड्या गवताळ प्रदेशात भर दिवसा मैलोन्‌मैल चालणाऱ्या आपल्या पूर्वजांपैकी ज्यांचे केस विरळ व घाम जास्त, ते उन्हात अधिक टिकले आणि त्यांची संतती वाढली. बहुतेक संशोधकांना आज हेच स्पष्टीकरण सर्वांत सबळ वाटते.

आता डोके. दोन पायांवर उभ्या माणसाच्या डोक्यावर आणि खांद्यांवरच माध्यान्हीचे ऊन पडते. टीना लसिसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तापवलेल्या पुतळ्याला माणसाच्या केसांचे टोप घालून मोजमापे केली. ती २०२३ साली प्रसिद्ध झाली. केसांमुळे डोक्याला लागणारे ऊन कमी होते आणि घट्ट कुरळ्या केसांमुळे सर्वांत कमी, असे त्यांत दिसले. म्हणजे डोक्यावरचे केस ही आपली पहिली छत्री!

भुवया कपाळावरचा घाम डोळ्यांत जाऊ देत नाहीत. काखेतले केस वयात येतानाच उगवतात, तेथील ग्रंथींच्या वासाशी त्यांचा संबंध असावा. दाढीचे कोडे मात्र उष्णतेने सुटत नाही. ते ऊन तर बायकांनाही लागत होते. डार्विनने १८७१ साली जोडीदाराच्या निवडीकडे बोट दाखवले. दाढीपुरते ते आम्हाला पटते.

ही सारी व्यवस्था कोरड्या हवेत घडली. डोंबिवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या फास्ट लोकलमध्ये मे महिन्यात घाम वाळत नाही, नुसता ठिबकतो. ठिबकलेला घाम शरीराची उष्णता फारशी नेत नाही, पाणी व मीठ मात्र नेतो. हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानावरील कार्यक्रमात उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले.

ऑक्टोबरच्या उकाड्यात वर्गात एक प्रयोग करता येईल. मुलांना दोन्ही हात ओले करायला सांगा, एक हात मनगटापर्यंत प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि दोन्ही पंख्याखाली धरायला लावा. कोणता हात गार पडला आणि का, हे त्यांनाच सांगू द्या.